कन्फर्मेशनच्या पोरांना घाई करू नका: पास्टोरेट कमिटीला आणि पालकांना खुलं पत्र

माननीय पाळकसाहेब, पास्टोरेट कमिटीचे सगळे मेंबर, आणि यावर्षी ज्यांची मुलं कन्फर्मेशनला बसणारेत ते सगळे आईबाबा,

सप्रेम जय ख्रिस्त.

हे उघड लिहितेय कारण मीटिंगमध्ये मला जो वेळ मिळतो तो कंपाउंडच्या भिंतीचं एस्टिमेट आणि हार्वेस्टच्या सणाचा हिशोब यांच्या मधला असतो, आणि तेव्हा सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं, "टीचर, थोडक्यात सांगा". थोडक्यात सांगून झालंय बऱ्याच वेळा. आता जरा सविस्तर सांगते.

मुद्दा एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा येईल त्यांना निदान एवढं तरी कळेल. कन्फर्मेशन म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या पोराने मोठं झाल्यावर मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा आणि बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची; पण बिशपसाहेबांची तारीख मिळाली म्हणून पोरं तयार होत नसतात. सहा-सात रविवार क्लास, जन्मसालावरून काढलेली यादी आणि मग सगळ्यांना एकदम पुढे उभं करायचं, ही पद्धत आता बंद करूया. क्लास वर्षभर चालवा. आणि ज्या मुलाला किंवा मुलीला "अजून नाही" म्हणायचंय त्यांना ते म्हणू द्या, त्यासाठी त्यांच्या घरी कुणी समजवायला जाऊ नका.

तुम्हाला माहितीच आहे मी कुणाबद्दल बोलतेय. नाव टाकत नाही, तिला विचारूनच लिहितेय. अकरावीतली मुलगी, क्लासला एकही रविवार चुकली नाही, मार्कचं अख्खं शुभवर्तमान सोळाच्या सोळा अध्याय घरी वाचून आली (बाकीच्यांनी पहिले दोन वाचले आणि उरलेलं यूट्यूबवर ऐकलं, म्हणजे तसं ते म्हणाले तरी), वहीत पेन्सिलीने प्रश्न लिहून आणायची, आणि शेवटच्या आठवड्यात शांतपणे म्हणाली, टीचर, मला अजून तसं वाटत नाहीये, मी पुढच्या वर्षी उभी राहिले तर चालेल का. मी म्हटलं चालेल. आणि मग काय झालं? तिच्या आजीला महिला मंडळात विचारलं गेलं की घरात काही प्रॉब्लेम आहे का. तिच्या वडिलांना फोन गेला की फ्लेक्स छापून झालाय, फोटो आहे तिचा त्याच्यावर. कुणीतरी असंही पसरवलं की तिचं कुठेतरी बाहेर "चालू" आहे. अख्ख्या बॅचमध्ये ज्या एका मुलीने आपण काय कबूल करणार आहोत ते खरोखर मनावर घेतलं, तीच आपल्याला संशयित वाटली. बाकीच्यांनी काय कबूल केलं ते त्यांना आज विचारून बघा.

पौलाने करिंथकरांना लिहिलंय ते प्रभुभोजनाच्या दर रविवारी आपण ऐकतो, की माणसाने आधी स्वतःला पारखावं आणि मग त्या भाकरीतून खावं. पहिलं पत्र, अकरावा अध्याय. आता स्वतःला पारखल्यावर उत्तर "हो"च आलं पाहिजे असं आपण आधीच ठरवून ठेवलं असेल तर त्या पारखण्याला काय अर्थ राहिला, तुम्हीच सांगा.

क्लासमध्ये नक्की काय चालतं ते तुमच्यापैकी फार कमी जणांनी बघितलंय, म्हणून थोडं सांगते. उपासना संपली की मागच्या हॉलमध्ये, जिथे ख्रिसमसचं गाईगोठ्याचं डेकोरेशन, तुटका हार्मोनियम आणि प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवलेल्या असतात तिथे आम्ही बसतो, बाहेर चहाबिस्किटाचा गोंगाट चालू असतो, आणि आत मी दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार (उपासनेत सगळे मिळून म्हणतो ती विश्वासाची कबुली), बाप्तिस्मा, प्रभुभोजन असं सगळं उरकायचं असतं. उरकायचं हाच शब्द बरोबर आहे. पोरं नववी-दहावी-अकरावीची. हा क्लास आपण ठेवतो कधी तर लेंटमध्ये, ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, म्हणजे पाम संडेला (ईस्टरच्या आदल्या रविवारी) किंवा ईस्टरनंतर लगेच कार्यक्रम करता येतो. आणि लेंटमध्ये काय असतं? बोर्डाची परीक्षा. दहावीच्या पोराला मार्च महिन्यात तू देवाच्या राज्याबद्दल विचार कर म्हणून सांगायचं, आणि त्याच्या डोक्यात भूमितीची प्रमेयं. हे कॅलेंडर कुणी ठरवलं मला माहीत नाही, पण त्यांच्या घरात दहावीचं कुणी नसणार.

पाठांतराला माझा विरोध नाही हे स्पष्ट सांगते, नाहीतर परत म्हणाल टीचर मॉडर्न झाल्या. विश्वासांगीकार पाठच हवा. पण पाठ झाल्यावर जे सुरू होतं तो खरा क्लास आणि त्यालाच वेळ उरत नाही. एकदा एका पोराने विचारलं की टीचर हा पंतय पिलात कोण, याचं नाव आपण दर रविवारी का घेतो, वाईट माणूस होता ना तो? बरोबर प्रश्न आहे! त्या अख्ख्या अंगीकारात येशू सोडून फक्त दोन माणसांची नावं आहेत, एक कुमारी मरीया आणि दुसरा हा रोमन सुभेदार. मी त्यांना सांगितलं की हा खरा माणूस होता, साधारण इ. स. २६ ते ३६ अशी त्याची यहूदीयातली कारकीर्द, आणि १९६१ साली कैसरियाच्या जुन्या रोमन नाट्यगृहात खोदकाम करताना एक दगड सापडला ज्यावर त्याचं नाव कोरलेलं आहे. मोबाईलवर फोटो काढून दाखवला. पोरं अशी गप्प झाली की बाहेरचा चहाचा आवाज ऐकू यायला लागला. एकजण म्हणाला, म्हणजे हे खरंच घडलं? आता हा मुलगा पाळण्यापासून आपल्या चर्चमध्ये वाढलेला, संडे स्कूलमध्ये दरवर्षी बक्षीस घेणारा, नाताळच्या नाटकात मेंढपाळ झालेला. आणि त्याला पंधराव्या वर्षी पहिल्यांदा वाटलं की ही गोष्ट कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी साली, खरोखरच्या सरकारखाली घडली असेल. त्या दिवशी आमचा "उरकायचा" धडा राहिला. राहू दे.

दुसरा प्रश्न जो दरवर्षी येतो आणि ज्यावर सगळे हसतात: बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवल्यावर मी खाली पडेन का? हसू नका. आपली निम्मी पोरं संध्याकाळी कुठल्यातरी फेलोशिपला जातात, तिथे गिटार असते, ड्रम असतात, प्रार्थनेत लोक पडतात, रडतात, आणि रील्सवर तर रोज तेच. त्यांना खरंच भीती असते की मी पडलो नाही तर माझ्यात पवित्र आत्मा आला नाही असं होईल का. मग बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये उघडायचं, आठवा अध्याय, शोमरोनात लोकांनी बाप्तिस्मा घेतला होता आणि पेत्र आणि योहान यरुशलेमेहून गेले, प्रार्थना केली, त्यांच्यावर हात ठेवले. तिथे कुणी पडल्याचं लिहिलेलं नाही. आणि त्याच अध्यायात पुढे तो कूशी, म्हणजे इथिओपियाचा, अधिकारी रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचतोय आणि फिलिप्प पळत जाऊन त्याला विचारतो की वाचतोयस ते समजतंय का, आणि तो म्हणतो कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार. मला तर वाटतं कन्फर्मेशन क्लासचा अख्खा सिलॅबस त्या रथात आहे. फिलिप्प त्याच्या शेजारी चढून बसला, आणि बाप्तिस्म्याचं त्या अधिकाऱ्याने स्वतःच काढलं, की हे बघ पाणी, आता मला काय अडचण आहे.

आता जरा अवघड विषय. हा मी मीटिंगमध्ये काढला की सगळे छताकडे बघतात.

एका बॅचमधला मुलगा क्लासनंतर खुर्च्या रचायला थांबला आणि खुर्च्या रचता रचताच, माझ्याकडे न बघता म्हणाला, टीचर, मी सगळ्यांसमोर उभं राहून म्हणणार की मी ख्रिस्ती आहे, पण माझ्या दाखल्यावर वेगळं लिहिलंय, आणि स्कॉलरशिप त्याच्यावर आहे, मग ते खोटं बोलणं होईल का? आपल्याकडे नगर, जालना, औरंगाबाद या सगळ्या पट्ट्यातल्या मंडळ्यांचा केवढा मोठा भाग महार-मांग समाजातून आलाय हे काय मी तुम्हाला सांगायला पाहिजे? आणि १९५० चा अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश आहे, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात कुठल्या धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीत धरायचं ते आहे, त्यात आधी काही शीख जाती सोडल्या तर फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये सगळे शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर. गावात वागणूक तीच, विहीर तीच, लग्नाच्या वेळी विचारणा तीच (आपल्या स्वतःच्या लोकांच्या बायोडाटामध्येसुद्धा, त्यावर नंतर कधीतरी बोलूच), फक्त कागदावर तुम्ही ख्रिस्ती लिहिलंत की सवलत गेली. त्यामुळे किती घरांत कागदावर एक आणि रविवारी एक असं चालतं ते आपल्याला सगळ्यांना माहितीये आणि कुणी बोलत नाही. आणि मग सोळा वर्षांचं पोर ते एकटं डोक्यात घेऊन फिरतं.

मी त्याला हो किंवा नाही असं उत्तर दिलं नाही, कारण त्या उत्तराची किंमत मला भरायची नाहीये, त्याला आणि त्याच्या बापाला भरायचीय. पण तो आदेश काय आहे, कधी कुणासाठी बदलला आणि कुणासाठी नाही, हे सगळं बसून सांगितलं, आणि म्हटलं की ही अडचण कायद्याने केलेली आहे, तुझ्या वडिलांनी नाही, त्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघू नकोस. तो उभा राहिला की नाही ते सांगणार नाही. पण पाळकसाहेब, माझी विनंती आहे की या विषयावर तुम्ही स्वतः एकदा क्लासमध्ये येऊन बोला. उपदेशात नको हवं तर, क्लासमध्ये. प्रश्नोत्तरावलीच्या पुस्तिकेत हे नाही, आणि पोरांना हा विषय आमच्यासारख्या संडे स्कूल टीचरकडून ऐकण्यापेक्षा पाळकांच्या तोंडून ऐकायला मिळाला पाहिजे.

आपल्या काही ज्येष्ठ मंडळींचं म्हणणं असतं की आमच्या वेळी पण असंच होतं, आम्ही काय बिघडलो. तर आमच्या वेळी म्हणजे नक्की कुणाच्या वेळी? आपल्याकडे अमेरिकन मिशनवाले होते, ते १८१३ ला मुंबईत उतरले आणि १८३१ ला नगरला आले, त्यांच्यात बिशपच नव्हते, मंडळीपुढे स्वतःच्या तोंडाने विश्वास सांगितल्यावर मंडळीत घ्यायचे. शेजारी इंग्लिश मिशनवाल्यांचं वेगळं, बिशप, हात ठेवणं, प्रार्थनापुस्तक. त्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजनाची अट काय आहे तर माणूस कन्फर्म झालेला असावा, किंवा त्यासाठी तयार असावा आणि त्याची इच्छा असावी. इच्छा असावी, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहिलंय. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला हे सगळे प्रवाह चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणून एकत्र आले, बाळांचा बाप्तिस्मा मानणारे आणि मोठेपणीचाच मानणारे, दोघांनाही जागा ठेवून. त्या एकीकरणाची बोलणी १९२९ पासून चालली होती. मोठ्या माणसांना एकमेकांचं समजून घ्यायला चाळीसएक वर्षं लागली, आणि त्याच मंडळीत पोरांना सहा रविवार.

आणि जबरदस्तीने काय होतं तेही जगाने बघून झालंय. डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने १७३६ साली कन्फर्मेशन कायद्यानेच सक्तीचं केलं, त्याशिवाय लग्न लागायचं नाही. एक फायदा झाला की पोरं वाचायला शिकली, तो मोठा फायदा होता, नाकारत नाही. पण पुढे हळूहळू ते वयात आल्याचं फंक्शन बनलं, नवे कपडे, जेवणावळ, भेटवस्तू, इतकं की नॉर्वेत १९५१ पासून देवाला न मानणाऱ्यांचं वेगळं सिव्हिल कन्फर्मेशन पण निघालं. आपल्याकडे राजा नाही. पण "पुढे लग्नाला सर्टिफिकेट लागेल, घेऊन टाक" हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की राजाची गरजच नाही. आणि कमिटीच्या इलेक्शनच्या आधी यादीत अचानक चुलत-मावस नावं कशी वाढतात यावर मी काही बोलत नाही, सगळ्यांना डोळे आहेत.

"अजून नाही" म्हणणं म्हणजे विश्वास कमी, असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा टिळकांचं घर आठवावं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९३ च्या आसपास रेल्वेत एका अनोळखी माणसाने दिलेला नवा करार वाचायला घेतला, प्रश्न करत करत वाचला, आणि फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली. पाच वर्षं. नवरा ख्रिस्ती झालेला, आधी ताटातूट, मग एकत्र आल्यावरसुद्धा सोवळंओवळं सगळं सांभाळून राहिल्या, आणि जेव्हा त्यांना स्वतःला पटलं तेव्हाच उभ्या राहिल्या. नगरच्या ख्रिस्ती माणसाला हे सांगायची वेळ यावी याचंच नवल वाटतं, आपण तर त्यांची गीतं दर रविवारी म्हणतो. आज त्या आपल्या मंडळीत असत्या तर पहिल्याच वर्षी त्यांच्या घरी कमिटीची माणसं गेली असती.

आता पालकांना. तुम्ही पोराला गेटवर सोडून जाता आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारता "किती पोर्शन झाला". अहो, हा पोर्शन नाहीये! धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२९ मध्ये लहान प्रश्नोत्तरी लिहिली तेव्हा ती कुणासाठी लिहिली माहितीये का, घरच्या कर्त्या माणसासाठी, की त्याने आपल्या घरात साध्या शब्दांत हे शिकवावं. आधी तो सॅक्सनीतल्या मंडळ्यांमधून फिरला होता आणि लोकांना काहीच येत नाही हे बघून हादरला होता. म्हणजे पहिली जबाबदारी तुमची, मी दुसरी. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पुढे उभं राहून वचनं तुम्ही दिलीत, मी नाही दिली. निदान महिन्यातून एकदा क्लासला येऊन मागच्या खुर्चीवर बसा. पोरं काय विचारतात ते ऐका. तुमच्याच मुलीने विचारलंय की माझी बेस्ट फ्रेंड हिंदू आहे आणि माझ्यापेक्षा जास्त चांगली वागते तर तिचं काय होणार, आणि मी तिला जे सांगितलं ते तुम्हाला पटेलच असं नाही, पण घरी जेवताना निदान बोलणं तरी होईल. येशू बारा वर्षांचा असताना मंदिरात शिक्षकांच्या मध्ये बसून काय करत होता, तर ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता, लूक दुसरा अध्याय. आपल्या पोराने प्रश्न विचारला की आपण म्हणतो लईच बोलायला लागलाय.

तर माझं मागणं असं आहे. क्लास जूनमध्ये शाळेबरोबर सुरू करा आणि जानेवारीच्या शेवटी थांबवा, बोर्डाच्या पोरांना मोकळं सोडा, आणि कार्यक्रम बोर्ड संपल्यावर मे महिन्यात, पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या जवळपास ठेवा, तो सण तसाही आपल्याकडे ओस पडलेला असतो. बिशपसाहेबांना तशी तारीख मागा, त्यांना मे काय आणि मार्च काय. यादी कमिटीने काढू नये. शेवटच्या महिन्यात प्रत्येक मुलाशी पाळकसाहेबांनी एकट्याने बोलावं, आईबाप बाहेर, आणि मुलानेच सांगावं मी उभा राहतो किंवा राहत नाही. जो राहत नाही त्याचं नाव कुठेही वाचलं जाऊ नये आणि त्याला पुढच्या वर्षी क्लासला बसायला बंदी नसावी. फ्लेक्स लावायचाच असेल तर कार्यक्रम झाल्यावर लावा. इंग्लिश मीडियमच्या पोरांसाठी मराठी-इंग्रजी जोडबायबल काही प्रती घ्या, कारण त्यांना मराठीत वाचायला लावलं की ती अक्षर जुळवण्यातच दमतात आणि अर्थ राहून जातो. आणि कन्फर्म झालेल्यांना पुढच्याच रविवारपासून कामं द्या, पाठ वाचायला, दानार्पणाला, कमिटीच्या मीटिंगला बसून ऐकायला. नाहीतर दरवर्षी तेच होतं, फोटो निघतात, केक कापला जातो आणि त्यातली अर्धी पोरं परत दिसतात ती थेट नाताळच्या मध्यरात्री.

याला पैसे फार लागत नाहीत. हॉल लागेल, दर रविवारी एक तास, आणि त्या तासात महिला मंडळाची मीटिंग नको, त्यांच्याशी मी बोलले आहे, त्यांची काही हरकत नाही. शिकवायला माझ्या जोडीला अजून एक माणूस पाहिजे, शक्यतो एखादा पुरुष, कारण मोठी मुलं काही गोष्टी माझ्याशी बोलत नाहीत.

पुढच्या कमिटी मीटिंगच्या अजेंड्यावर हा विषय पहिला घ्या, कंपाउंडच्या भिंतीच्या आधी. मी येते, आणि क्लासमधली दोन पोरं बरोबर आणते, त्यांनाच विचारा काय विचारायचं ते. यावर्षीची यादी ऑफिसबाहेरच्या बोर्डावर लागलीय, ती तेवढी मीटिंगच्या आधी काढून ठेवा.

तुमच्याच मंडळीतली,
कन्फर्मेशन क्लासची टीचर